नाकातले जंतू आणि ऍलर्जी : दीडशे वर्षांच्या चौकशीची गोष्ट

"डॉक्टर, सर्दी हटत नाही. जरा स्ट्राँग गोळी द्या, जंतू मरायला पाहिजेत."

गडमुडशिंगीत असो, कोल्हापूर शहरात असो की मुंबईत, दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, मग नाक बंद, कपाळ जड. कुणाला हा त्रास पावसाळ्याच्या तोंडावर होतो, कुणाला ऊसतोडीच्या हंगामात, कुणाला धान्य पाखडताना किंवा पशुखाद्याचे पोते उघडताना. त्रास ऍलर्जीचा असतो, पण रुग्णाची खात्री असते की आत जंतू बसले आहेत आणि ते मारले की सुटका होईल.

ही समजूत अडाणीपणाची नाही. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही एके काळी हेच मानले होते. ती कुठे खरी ठरली, कुठे चुकली आणि आज आपण कुठे आहोत, हे समजले तर पुढच्या वेळी अँटिबायोटिक मागण्याआधी आपण दोन मिनिटे विचार कराल. म्हणून आज थोडा इतिहास. या इतिहासात आपली परळ आहे, पिंपरी आहे आणि गोठाही आहे.

जुन्या ग्रंथांत काय आहे?

सुश्रुतसंहितेत नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत. 'प्रतिश्याय' म्हणजे सर्दी आणि 'पीनस' हे शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात आले. प्रतिश्याय बिघडला की नाकात पांढरे, बारीक कृमी होतात, असाही उल्लेख त्यात आहे. यावरून काही जण म्हणतात की आपल्याकडे जंतूंचा शोध तेव्हाच लागला होता. माझे मत वेगळे आहे. नाकाची आतली त्वचा सुकून, खपल्या धरून दुर्गंधी येऊ लागली की तिथे माशी अंडी घालते आणि अळ्या होतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना असे रुग्ण आजही दिसतात. सुश्रुतांनी बहुधा या डोळ्यांना दिसणाऱ्या अळ्याच नोंदवल्या असाव्यात. बॅक्टेरिया दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. निरीक्षण अचूक होते, एवढे श्रेय पुरेसे आहे.

नाकात जंतू दिसले, पण दोषी परागकण निघाले

१८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःला दर उन्हाळ्यात होणाऱ्या शिंका आणि डोळ्यांच्या त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे या आजाराला 'हे फीव्हर' हे नाव रूढ झाले. त्याचे कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हते.

जर्मनीचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनाही हाच त्रास होता. त्यांनी आपल्याच नाकातला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांना हलणारे सूक्ष्म जीव दिसले. हेच कारण असणार, असे समजून त्यांनी क्विनाइनच्या पाण्याने नाक धुवायला सुरुवात केली आणि आराम पडल्याचे कळवले. ही हकिगत १८६९ मध्ये छापून आली. ऍलर्जीच्या सर्दीचे खापर जंतूंवर फोडण्याचा हा पहिल्या नोंदींपैकी एक प्रकार.

चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांचे पुस्तक आले. तेही याच आजाराने त्रस्त होते. त्यांनी वेगवेगळ्या गवतांचे परागकण स्वतःच्या नाकात घालून पाहिले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर लावून पाहिले. पतंगाला चिकट काचा बांधून आकाशात किती परागकण आहेत तेही मोजले. शिंका परागकणांमुळे येत होत्या. आज ऍलर्जीसाठी हातावर जी टोचणी-चाचणी करतात, तिचे मूळ इथे आहे.

यातला धडा साधा आहे. नाकात जंतू सापडणे आणि त्या जंतूंनी आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसाच्या नाकातही लाखो जंतू असतात.

मुंबईचा प्लेग आणि लंडनची प्रयोगशाळा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मेलेल्या जंतूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

या प्लेगच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याचे एक सदस्य होते आल्मरॉथ राइट. विषमज्वराच्या लशीवर त्यांचे काम आधीच चालू होते. हिंदुस्थानच्या मुक्कामात त्यांनी लष्करातल्या स्वयंसेवकांना ती लस टोचलीही. १९०२ मध्ये ते लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी एक कल्पना जोराने मांडली : मेलेल्या जंतूंची लस आजार टाळायला चालते, तशी आजार बरा करायलाही चालली पाहिजे.

त्यांच्याच विभागातल्या लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये हे फीव्हरच्या रुग्णांना परागकणांच्या अर्काची इंजेक्शने थोडी थोडी वाढवत दिली. परागकणांत एखादे विष असते आणि त्याविरुद्ध लस द्यायची, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा होता, पण उपचार लागू पडला. आज ज्याला 'ऍलर्जीची इंजेक्शने' किंवा इम्युनोथेरपी म्हणतात, तिची सुरुवात ही. नून लवकर वारले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेले.

त्याच विचारातून दुसरी एक शाखा फुटली. दमा असलेल्या रुग्णाच्या नाकातले किंवा कफातले जंतू वाढवायचे, मारायचे आणि त्यांचीच लस त्याच रुग्णाला द्यायची. याला ऑटोव्हॅक्सीन म्हणत. परागकण किंवा धुळीची ऍलर्जी सापडली नाही, तर दमा 'आतल्या जंतूंचा' मानायचा, अशी वाटणी डॉक्टरांमध्ये रूढ झाली. कित्येक दशके जगभर अशा लशी दिल्या गेल्या. दमा बरा व्हावा म्हणून सायनसची ऑपरेशने झाली, टॉन्सिल काढले गेले.

याचा निकाल सेंट मेरीमध्येच लागला. विल्यम फ्रँकलंड आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तुलना करून दाखवले की दम्याच्या रुग्णांना स्वतःच्या जंतूंची लस दिली काय आणि जंतू नसलेले नुसते द्रावण दिले काय, फरक पडत नाही. परागकणांची लस टिकली, जंतूंची लस मागे पडली.

पेनिसिलीनचा पहिला रुग्ण सायनसचा होता

आता थोडे मागे जाऊ. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक बारीक जंतू सापडला. त्यांनी तो फ्लूचे कारण म्हणून जाहीर केला. १९१८ च्या जूनमध्ये फ्लूची साथ मुंबईत शिरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. तेव्हाही जगभरच्या प्रयोगशाळा फायफर यांचाच जंतू शोधत होत्या. फ्लू हा विषाणूचा, म्हणजे व्हायरसचा, आजार आहे हे १९३३ मध्ये सिद्ध झाले. त्या जंतूला मात्र 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी' हे चुकीचे नाव कायमचे चिकटले. हा जंतू लक्षात ठेवा.

राइट यांच्या विभागात अलेक्झांडर फ्लेमिंगही होते. १९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली असता त्यांनी स्वतःच्या नाकातला स्राव जंतूंच्या काचेवर टाकला आणि काही जंतू विरघळून गेले. नाकाच्या शेंबडातच जंतूंना विरघळवणारे एक द्रव्य असते, हे त्यातून कळले. त्याला लायसोझाइम म्हणतात. ज्याची आपल्याला किळस येते, तो शेंबूड खरे तर नाकाचा पहारेकरी आहे.

१९२८ मध्ये त्यांना पेनिसिलीन सापडले. पण १९२९ च्या त्यांच्या निबंधाचे शीर्षक पाहिले तर नवल वाटते. पेनिसिलीनचा जो उपयोग त्यांनी शीर्षकातच सांगितला, तो फायफर यांचा जंतू वेगळा काढण्याचा. नाकाघशातले इतर बरेच जंतू पेनिसिलीनने मरत, हा मरत नसे. म्हणजे काचेवर पेनिसिलीन टाकले की बाकीचे शेजारी साफ आणि हा एकटा मोकळ्या रानात वाढायला तयार. शेतात तण मारून एकच पीक ठेवावे तसे.

जानेवारी १९२९ मध्ये फ्लेमिंग यांचे सहायक स्टुअर्ट क्रॅडॉक यांचे सायनस पिकले होते. गालामागच्या त्या पोकळीत पेनिसिलीनचे कच्चे द्रावण सोडले गेले. माणसावर पेनिसिलीन वापरल्याची ही पहिली नोंद मानली जाते. फायदा झाला नाही. आत फायफर यांचा जंतू होता आणि त्याच्यावर पेनिसिलीन चालत नाही, हे फ्लेमिंग यांनी आधीच पाहिले होते.

सर्दीसाठी घेतलेली अँटिबायोटिकची गोळी नाकात काय करते, हे समजायला ही एक हकिगत पुरेशी आहे. गोळी 'सर्दीचे जंतू' निवडून मारत नाही. तिच्या आवाक्यातले सगळे मारते, त्यात निरुपद्रवी आणि उपयोगी जंतूही आले. तिला दाद न देणारे जे उरतात, त्यांना रान मोकळे मिळते.

पिंपरीचा कारखाना

स्वातंत्र्यानंतर पेनिसिलीन देशात बनावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. न्यूमोनिया, प्रसूतीनंतरचा ताप, चिघळलेल्या जखमा यांत पेनिसिलीनने असंख्य माणसे वाचवली. ज्यांनी हे पाहिले, त्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला 'सुई टोचली की बरे वाटते' असा विश्वास बसला, यात त्यांचा दोष नाही. पण तोच विश्वास पुढे साध्या सर्दीलाही लागू झाला आणि अडचण सुरू झाली.

जंतू विसरले गेले, मग गोठ्यातून परत आले

१९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने ऍलर्जीमागचे प्रतिपिंड ओळखले. तेच आज रक्ततपासणीत 'आयजीई' म्हणून लिहिलेले असते. ऍलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने धूळ-परागासारख्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजणे, हे स्पष्ट झाले. जंतूंचा विषय तिथे संपला असे वाटले.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ साली जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती पाहिली. घरात मोठी भावंडे जितकी जास्त, तितका हे फीव्हर कमी. लहानपणी एकमेकांचे संसर्ग मिळाल्याने संरक्षण होत असेल का, असा प्रश्न त्यांनी विचारला.

१९९८ मध्ये 'आयझॅक' या जागतिक पाहणीचा अहवाल आला. ५६ देशांतल्या १५५ केंद्रांवर १३-१४ वर्षांच्या सुमारे ४ लाख ६३ हजार मुलांना एकाच नमुन्याचे प्रश्न विचारले होते. त्यात मुंबई, पुणे आणि अकोला ही आपली केंद्रेही होती. दम्याची लक्षणे सर्वांत जास्त ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्ये दिसली. सर्वांत कमी असलेल्या देशांत भारत होता.

दरम्यान एरिका फॉन मुटियस आणि इतरांनी युरोपात दाखवले की गुराढोरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांत ऍलर्जी कमी आढळते. २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास तर बोलका आहे. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज युरोपातूनच आलेले, राहणी पुष्कळशी सारखी. आमिश लोकांची शेती घोड्यांवर, गोठा घराजवळ. हटराइट लोकांची शेती यंत्रांवर, गुरे लांब. आमिश मुलांत दमा ५.२ टक्के, हटराइट मुलांत २१.३ टक्के. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंच्या आवरणाचे अंश जवळजवळ सातपट होते. म्हणजे लहानपणी मिळालेले नाना तऱ्हेचे जंतू संरक्षण यंत्रणेला शत्रू-मित्र ओळखायला शिकवतात.

इथे आपल्या भागातल्या वाचकांना तीन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत.

पहिली : गोठा आहे म्हणून दमा होणारच नाही, असे नाही. भारतात दम्याचे तीन कोटींहून अधिक रुग्ण आहेत. जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्या देशात होतात, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे इन्हेलर न वापरणे.

दुसरी : गोठ्याची धूळ आणि चुलीचा धूर यांची गल्लत करू नका. चुलीचा, पेटवलेल्या पाचटाचा धूर फुफ्फुसांना घातकच आहे.

तिसरी : कोल्हापूरला कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची परंपरा आहे. कच्च्या दुधाने ऍलर्जी टळते म्हणून लहान मुलांना ते पाजायला सुरुवात करू नका. त्यातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार होऊ शकतात. दूध उकळूनच द्यावे.

नव्या तपासण्यांनी काय दाखवले?

प्रयोगशाळेत काचेवर सगळेच जंतू वाढत नाहीत. अलीकडे जंतूंचा डीएनए वाचून त्यांची ओळख पटवता येते. त्यामुळे जुनी काही गृहीतके बदलली.

निरोगी फुफ्फुसे पूर्ण निर्जंतुक असतात, असे आम्हाला शिकवले जायचे. २०१० च्या एका अभ्यासात दिसले की तिथेही जंतूंची वस्ती असते आणि दमा असलेल्यांत ती बदललेली असते. हिमोफिलसच्या गटातले जंतू जास्त होते. फायफर यांचा जंतू पुन्हा समोर आला!

डेन्मार्कमध्ये दमा असलेल्या मातांच्या बाळांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांच्या घशात महिन्याभराच्या वयातच हिमोफिलस, न्यूमोकॉकस किंवा मोराक्सेला यांपैकी जंतू होते, त्यांच्यात पुढे पाच वर्षांपर्यंत दमा जास्त आढळला.

सायनसच्या बाबतीत बेल्जियमचे क्लाउस बाखर्ट यांनी २००१ मध्ये महत्त्वाची गोष्ट दाखवली. नाकात द्राक्षासारखे कोंब, म्हणजे पॉलिप, असलेल्या रुग्णांपैकी काहींच्या पॉलिपमध्ये स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या विषाविरुद्ध आयजीई सापडले. हा जंतू निरोगी माणसांपैकी पाचातल्या एकाच्या तरी नाकात मुकाट राहतो. पण काही रुग्णांत त्याचे विष संरक्षण यंत्रणेला भडकवते आणि सूज वाढवते. म्हणजे जंतू धुळीसारखा ऍलर्जीचे कारण बनतो. 'जंतू की ऍलर्जी' हा वाद तिथे संपतो, कारण दोन्ही एकाच जागी असतात.

तरी एक प्रश्न शिल्लक आहे. जंतू बदलले म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून जंतू बदलले? बहुधा दोन्ही घडते. म्हणूनच नुसते जंतू मारून हे आजार मुळापासून जात नाहीत. सूज उतरवावी लागते.

मग आपण काय करायचे?

१. साधी सर्दी विषाणूंची असते. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांपैकी फार तर दोनांत पुढे जंतूंचा सायनुसायटिस होतो. बाकीच्यांना अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

२. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतूंचा संसर्ग झालाच, असे नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

३. सर्दी दहा दिवसांनंतरही जराही कमी झाली नाही, बरी होता होता पुन्हा उलटली, किंवा सुरुवातीपासून तीन-चार दिवस जास्त ताप, पू आणि चेहऱ्यात दुखणे असेल, तर जंतूंची शक्यता वाढते. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक सांगितले तितके दिवस घ्यावे.

४. शिंका, पाणी, खाज हा त्रास वारंवार होत असेल तर तो ऍलर्जीचा समजून तपासून घ्यावा. नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे सूज उतरवतो. तो रोज आणि योग्य पद्धतीने वापरावा लागतो. 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरून तो बंद करू नये. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत.

५. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे, म्हणजे जलनेती, फायद्याचे आहे. पाणी उकळून थंड केलेलेच घ्यावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घालू नये.

६. दमा असेल तर इन्हेलर स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही निवडक दमा-रुग्णांना तज्ज्ञ दीर्घकाळ ऍझिथ्रोमायसिन देतात, हे खरे आहे. पण ते जंतूंबरोबर सूज कमी करण्यासाठी, तपासण्या करून आणि देखरेखीखाली. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ती गोळी नव्हे.

७. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान आखडणे, असह्य डोकेदुखी, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, किंवा मधुमेही रुग्णाच्या नाकात काळी खपली : यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काळ्या बुरशीने २०२१ मध्ये काय केले, ते आपण पाहिले आहे.

विनाकारण घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकमुळे आपल्या अंगावरचे जंतू त्या औषधाला सरावतात. उद्या घरातल्या कुणाला खरा न्यूमोनिया झाला, तर तेच औषध चालले पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की 'स्ट्राँग गोळी द्या' असे म्हणण्याऐवजी एवढेच विचारा : "डॉक्टर, हा त्रास जंतूंचा आहे की ऍलर्जीचा?" उत्तर समजून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि ते समजावून सांगणे आमचे काम आहे.